दावोच्या पंचावर रागावलेल्या पोरीस

चि. पोरी,

डॉक्टरकी शिकायला फिलिपिन्समधल्या दावोला गेलीस तरी बुद्धिबळाचा पट सुटला नाही, हे वाचून बरं वाटलं. पुढचं वाक्य मात्र खटकलं. ‘काका, इथले आर्बिटर, म्हणजे पंच, सगळे आपल्याच माणसाकडून बोलतात.’ सगळे? मॉलमधल्या एका स्पर्धेत तुला एकच तर भेटला!

काय झालं ते पुन्हा बघू. समोरच्या मुलानं उंटाला हात लावला आणि चालवला घोडा. तू दचकलीस, त्याच्याकडे पाहिलंस, प्यादं पुढे ढकललंस, घड्याळ दाबलंस आणि मग हात वर केलास. पंचानं नकारार्थी मान हलवली. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांतलं कलम ४.८ काढून वाच. चाल करायच्या इराद्यानं तू मोहऱ्याला हात लावलास, तिथेच टच-मूव्हची, म्हणजे हात लावलेलं मोहरंच चालवायच्या नियमाची, तक्रार करायचा हक्क गेला. सांगलीत मी पंच असतो तरी हेच सांगितलं असतं, आणि तू माझ्यावर रुसली असतीस.

दुसरी तक्रार मात्र रास्त आहे. पंच त्या मुलाशी बराच वेळ बिसाया या तिथल्या भाषेत बोलला आणि तुझ्या वाट्याला इंग्रजीतला एकच शब्द, ‘कंटिन्यू’. हे चुकलंच. वाद दोघांचा असेल तर दोघांना कळेल अशाच भाषेत बोलायचं आणि निकाल कशावरून दिला तेही सांगायचं. मीही एकदा हे पाप केलंय. कोल्हापूरकडच्या एका पोराची मराठीत समजूत काढत बसलो आणि समोरचा तामिळ मुलगा नुसता आमच्या तोंडाकडे बघत उभा. निकाल बरोबर होता, पण त्याला तो पटणार कसा?

तू ज्या देशात आहेस तिथलं बुद्धिबळ आपल्याहून आधी वयात आलं. युजेनिओ टोरे १९७४ साली आशियाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. आपला आनंद १९८८ साली. १९९२ चं बुद्धिबळ ऑलिम्पियाड मनिलात झालं. कास्तो अबुंदोंसारखे फिलिपिनो आंतरराष्ट्रीय पंच फिडेच्या कारभारात वर्षानुवर्षं होते.

आणि १९७८ ची, तिथल्याच बागियो शहरातली कार्पोव्ह-कोर्चनॉय जगज्जेतेपदाची लढत! मुख्य पंच जर्मनीचे लोथार श्मिड. दुसऱ्या डावात कार्पोव्हपुढे दह्याचा पेला आला. कोर्चनॉयच्या गोटानं लेखी हरकत घेतली, की दह्यातून सांकेतिक निरोप जाऊ शकतो. ऐकणारे हसले असतील, मीही हसलो होतो. पण कागद आला म्हणून उत्तर द्यावं लागलं: दही ठरल्या वेळी, ठरल्या रंगाचं. म्हणून सांगतो, खुर्चीवरून पुटपुटू नकोस, लिहून दे.

पुढच्या वेळी आधी घड्याळ थांबव, मग हात वर कर. पटावरच्या कशालाही बोट लावायचं नाही, प्रतिस्पर्ध्याशी हुज्जत नाही. पंचानं पाहिलं नसेल आणि समोरचा नाकबूल करत असेल, तर तो ‘मी पाहिलं नाही’ एवढंच म्हणू शकतो. तसं सरळ म्हणणारा पंच मला न पाहता निकाल ठोकणाऱ्यापेक्षा केव्हाही आवडतो. पहिल्या फेरीआधीच अपील समिती आहे का आणि अपिलाची मुदत किती, ते विचारून ठेव.

बाकी, तुझी स्कोअरशीट, म्हणजे चालींची नोंद, पटावर मांडून पाहिली. त्या उंटाच्या प्रकरणानंतरही डाव तुझाच होता गं. ३१व्या चालीला वजीर बदलायची एवढी घाई का केलीस, ते कळव.

तुझा,
काका