आधी स्पीकर बघा, मग व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हचाच (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, घ्यायचं डोक्यात बसलं असेल, तर आधी तुमच्या स्पीकरचं माहितीपत्रक काढा. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीवर स्पीकर किती मोठ्यानं वाजतो तो आकडा) ८५-८६ डेसिबल असेल तर एका ३००बी व्हॉल्व्हचे जेमतेम ८ वॅट पुरणार नाहीत, तबल्याची थाप बसकी वाटेल. सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलनं वाढली की तेवढ्याच आवाजाला लागणारी ताकद निम्मी होते. म्हणून ९५ डेसिबलच्या स्पीकरवर तेच ८ वॅट खोली दणाणून सोडतात.

व्हॉल्व्हचा गोडवा खोटा नाही हं. मूळ सुरात वरच्या सप्तकातला तोच सूर थोडा मिसळतो. विकृतीच ती, पण कानाला खुपत नाही. माझ्याकडे ईएल३४ व्हॉल्व्हचा ॲम्प आहे. थंडीच्या रात्री त्यावर तंबोरा ऐकावा! मे महिन्यात मात्र तो बंदच, खोलीत शेगडी कोण पेटवणार? शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलले की बायस (गाणं नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा प्रवाह ठरवणारी जुळणी) तपासावा लागतो. आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो, तेव्हा झाकण उघडू नका. स्पीकर न जोडता चालूही करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पहिलाच ॲम्प ना? मग ५० वॅटचा साधा ट्रान्झिस्टरवाला घ्या, उरलेले पैसे स्पीकरवर घाला.