पफर भुकेला नाही, हावरट आहे

प्रश्न: आमच्या फिश टँकमध्ये तीन पी पफर मासे आहेत, साधारण वाटाण्याएवढे. मी टँकजवळ गेले की तिघंही काचेला नाक लावून वरखाली नाचतात. मुलगा सकाळी खाणं घालतो, मी दुपारी, आणि सासरे संध्याकाळी "बिचारे उपाशी दिसतायत" म्हणून परत घालतात. दुकानदाराने फ्लेक्स (माशांच्या खाण्याच्या कोरड्या पापड्या) दिले होते, ते तोंडात घेऊन थुंकून टाकतात. नेमकं किती आणि किती वेळा द्यायचं? (डोंबिवली)

उत्तर: ताई, आधी सासऱ्यांना प्रेमाने सांगा की हा मासा बिचारा वगैरे अजिबात नाही. पफर माणसं ओळखतो, घालणारा कोण हे त्याला दोन दिवसांत कळतं, आणि पोट तट्ट फुगलेलं असलं तरी तो काचेपाशी येऊन नाचणारच. नाच बघून खाऊ घातलंत तर दिवसातून दहा वेळा घालावं लागेल. बघायचं ते पोट, तेही खाण्याच्या आधी आणि नंतर, बाजूने. खाऊन झाल्यावर पोट हलकं गोल दिसलं की बस झालं. आत गेलेलं, खपाटीला लागलेलं दिसलं तर कमी पडतंय, आणि सकाळी उठल्यावरही कालचा गोळा तसाच दिसत असेल तर आज सुट्टी.

माप सांगायचं तर एका पी पफरला एका वेळेला फ्रोझन ब्लडवर्मचे (गोठवलेल्या बारीक लाल अळ्यांचे) तीन-चार धागे पुरतात, हो, धागेच, क्यूब नव्हे. मी स्वतः सुरुवातीला अख्खा क्यूब टाकला होता, दोन माशांसाठी! एकाचं पोट लिंबासारखं झालं आणि उरलेलं सगळं वाळूत जाऊन कुजलं, तिसऱ्या दिवशी पाण्याची टेस्ट केली तर अमोनिया (कुजण्यातून होणारं माशांचं विष) चढलेला. पफरला खराब पाणी बाकीच्या माशांपेक्षा लवकर बाधतं, त्यामुळे जास्त घातलेलं खाणं पोटापेक्षा पाण्यातून जास्त त्रास देतं. आता मी क्यूबचा कोपरा सुरीने कापते, चहाच्या गाळणीत पाण्याखाली धरून वितळवते आणि ड्रॉपरने एकेकाच्या तोंडासमोर सोडते, पाच मिनिटांत उरेल ते त्याच ड्रॉपरने परत ओढून घेते.

पिल्लं असतील तर दिवसातून दोनदा थोडं थोडं, मोठे झालेले असतील (पी पफर वाढून वाढून अडीच-तीन सेंटीमीटरचा होतो) तर दिवसातून एकदा, आणि आठवड्यात एक दिवस उपास. घरात एकच माणूस ठरवा नाहीतर टँकवर पेन्सिलने तारीख लिहायची वही टांगा, सासऱ्यांना शनिवार द्या म्हणजे त्यांचंही मन राहील. रोज तेच नको, एक दिवस ब्लडवर्म, एक दिवस डॅफ्निया किंवा ब्राइन श्रिम्प (दोन्ही पाण्यातले बारीक जीव), मध्येच छोट्या गोगलगायी. फ्लेक्स विसरा, थुंकणारच, त्याला मांस लागतं. आणि दुकानात पिशवीत वळवळणारे जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) मिळतात ते स्वस्त म्हणून घेऊ नका, घाण पाण्यातले असतात, सोबत रोग येतात.

हा मासा आपल्या पश्चिम घाटाचाच, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांतला, त्याच्या शास्त्रीय नावातच त्रावणकोर आहे, १९४१ साली नोंदवला गेला. बरेचसे नदीतून पकडलेलेच येतात, म्हणून नवीन आणलेला मासा हडकुळा असेल, व्यवस्थित खात असूनही पोट भरत नसेल आणि शी पांढरी, दोरीसारखी पडत असेल तर खाणं वाढवून उपयोग नाही, पोटात जंत असण्याची शक्यता आहे, त्यावर औषध लागतं.

प्रश्न: माझ्याकडे ग्रीन स्पॉटेड पफर आहे, सात-आठ सेंटीमीटरचा. हल्ली खाणं तोंडात घेतो आणि सोडून देतो. दात बाहेर आल्यासारखे दिसतात. सोललेली कोळंबी रोज घालतो. (पुणे)

उत्तर: दादा, गडबड सोललेल्या कोळंबीत आहे. पफरचे चार दात जुळून चोच झालेली असते आणि ती उंदराच्या दातांसारखी आयुष्यभर वाढते. मालवणच्या कोळ्यांना विचारा, केंड (समुद्रातला पफर) जाळ्यात आला की जाळं कसं कातरतो ते, तुमचा मासा त्याच कुळातला. मऊ खाऊन चोच झिजत नाही, मग तोंड उघडेनासं होतं आणि मासा अन्नासमोर उपाशी मरतो.

कोळंबी सालासकट द्या, तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) अर्ध्या कवचासकट, खेकड्याचे बारीक पाय, आणि मुख्य म्हणजे गोगलगायी. गोगलगाय टाकली की एकदा बघत बसा, तो आधी थांबतो, एक डोळा इकडे एक तिकडे, मग शेपूट वळवून अंग तिरकं करतो आणि टक्! आवाज काचेबाहेर ऐकू येतो. रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर गोगलगायी घ्या, लांबट टोकदार शंखवाल्या ट्रम्पेट नकोत, त्या इतक्या कडक की चोच तुटू शकते. शेताच्या बांधावरून उचलून आणू नका, फवारणी असते. एका बादलीत चार सोडा, पालकाची पानं टाका, महिनाभरात मोप होतात.

रोज कोळंबीच देत राहू नका, काही कोळंबी-शिंपल्यांत बी१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. या आकाराच्या माशाला एक दिवसाआड पुरे, दहा सेंटीमीटरच्या पुढे गेला की दोन-तीन दिवसांतून एकदा. आत्ताचे दात फारच वाढलेले असतील तर ते कापावे लागतील, पण माशाला भूल देऊन, अनुभवी माणसाकडून. घरी नेलकटर घेऊन बसू नका प्लीज. आणि हो, तो गोड्या पाण्यात ठेवलाय का? दुकानात तसाच विकतात पण मोठा होतो तसं त्याला खारं पाणी लागतं.

प्रश्न: गणपतीला पाच दिवस गावी जातोय, पी पफरचं काय करू? शेजारच्या काकू घालायला तयार आहेत. (ठाणे)

उत्तर: काकूंना घालू देऊ नका! काकूंच्या हाताने पाच दिवसांचं एका दिवसात पडतं. धडधाकट मोठा मासा पाच दिवस आरामात काढतो, निघायच्या आदल्या दिवशी थोडं पाणी बदला, आठ-दहा लहान गोगलगायी टँकमध्ये सोडून ठेवा, तो भूक लागेल तसा वेचून खाईल. सुट्टीसाठी विकतात ते विरघळणारे पांढरे ब्लॉक पफर खात नाही, नुसतं पाणी गढूळ. काकूंना फक्त फिल्टर चालू आहे का आणि लाइट गेली तर परत सुरू झाला का एवढं बघायला सांगा, डबा मात्र कपाटात कुलूप लावून जा.