खारा वारा, कोरडं लाकूड आणि लेथ

समुद्राला लागून वाळवंट, दुपारी होरपळ, पहाटे दव आणि बारा महिने खारा वारा. अशा जागी लाकडाच्या कातकामासाठी लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) मांडणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस जवळजवळ नाहीच. तरी लेथच्या बेडवर (यंत्राच्या लोखंडी बैठकीवर) सकाळी तांबूस ठिपके दिसतात. रोज तेल लावूनही फरक पडत नाही.

पाऊस नसला तरी पाणी येतंच, फक्त ते मिठाच्या वाटेने येतं. वाऱ्याबरोबर आलेली खारी धूळ बेडवर बसते. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर पाणी धरतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढू लागतं. म्हणजे तुम्हाला हवा कोरडी वाटत असतानाही बेडवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर असू शकतो. त्यात जाड ओतीव लोखंड रात्रीचा गारवा धरून ठेवतं. सकाळी समुद्रावरची दमट हवा आत आली की त्या गार लोखंडावर दव धरतं.

धुळीवरच तेल चोपडलं तर मीठ तेलाखाली अडकून राहतं. तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी मीठ पुसा, लगेच कोरडं करा आणि मग मेणाच्या पॉलिशचा पातळ हात द्या. तेलाला धूळ चिकटते, वाळलेल्या मेणाला फारशी नाही. सिलिकॉनचा स्प्रे वर्कशॉपमध्ये आणूच नका. त्याचा अंश लाकडावर गेला तर फिनिशला गोल खळगे पडतात. रात्री बेडवर सुती चादर टाका. प्लॅस्टिकखाली दव साचतं. बाभळीसारख्या टॅनिनवाल्या (तुरट द्रव्याच्या) ओल्या लाकडाच्या ढलप्या बेडवर रात्रभर राहिल्या तर काळे डाग पडतात, त्या त्याच दिवशी झाडा.

प्रश्न : पत्र्याची शेड आहे. खिडक्या कुठे ठेवू? आणि कूलर चालेल का?

वाऱ्याच्या दिशेला उघडं काही नको. नुसता एक्झॉस्ट पंखा लावला की तो प्रत्येक फटीतून वाळू आत खेचतो. त्यापेक्षा आडोशाच्या बाजूने, फिल्टरमधून हवा आत ढकलणारा पंखा बसवा. आतला दाब किंचित जास्त राहिला की फटीतून हवा बाहेरच जाते. छताला आतून इन्सुलेशन हवंच.

कूलर लेथच्या खोलीत नको. तो हवेत पाणी घालतो, म्हणजे वर सांगितलेल्या मिठाला आयतं निमंत्रण. शिवाय हवा दमट झाली की त्याचा गारवाही उरत नाही. थंडाव्याची खरोखर गरज असेल तर एसी लावा आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राची हवा गाळून आतच परत सोडा, नाहीतर तेच यंत्र थंड केलेली हवा बाहेर फेकत बसेल. बारीक धूळ अडवणारा चांगला फिल्टर मग आवश्यकच. स्पिंडलची (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याची) उंची तुमच्या कोपराइतकी ठेवा आणि लेथ काँक्रीटच्या फरशीला बोल्टने पक्की करा.

एक गोष्ट सहसा विसरली जाते : कोरड्या वाळूत अर्थिंग नीट लागत नाही. रॉड ओलाव्यापर्यंत खोल घाला, इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा.

प्रश्न : ओला ओंडका आणला की दोन दिवसांत टोकांना तडे जातात. सावलीत ठेवतो, तरीही.

सावलीने ऊन अडतं, वारा नाही. लाकडातलं पाणी कापलेल्या टोकांतून सर्वांत वेगाने जातं. टोकाचा ओलावा ३० टक्क्यांच्या खाली आला की ते आकसू लागतं. आतलं लाकूड अजून फुगलेलं असतं, ते त्याला आकसू देत नाही आणि टोक फाटतं. लाकूड सुकतं यात वावगं काही नाही, बाहेरचं आणि आतलं यांच्या वेगात फार अंतर पडतं ही अडचण.

म्हणून कापल्यावर तासाभरात टोकांना वॅक्स इमल्शनचे (पाण्यात मिसळलेल्या मेणाचे) दोन हात द्या, आणि टोकापासून ५ सेंमीपर्यंत बाजूवरही. पॅराफिन वापरायचं असेल तर ते गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. तापलेल्या पत्र्याजवळ पॅराफिन मऊ होऊन ओघळतं, तेव्हा ओंडके खाली, फरशीलगत ठेवा. लांबी व्यासापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे टोकाचे तडे कापून टाकता येतील. मग ओंडका गाभ्यातून उभा चिरून गाभा दोन्ही अर्ध्यांतून काढून टाका. गाभा आत राहिला तर मेण कितीही लावा, तडा त्याच्यापासूनच निघेल.

वाडगा त्याच दिवशी कच्चा, म्हणजे जाड भिंतीचा ढोबळ, काता. भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी : ३०० मिमीच्या वाडग्याला ३० मिमी. जाडी सगळीकडे सारखी हवी. तळ जाड राहिला तर तो मागे राहतो आणि काठ फाटतो. कडेला मेण लावा, वजन आणि तारीख पेन्सिलने लिहा आणि तपकिरी कागदाच्या दुहेरी पिशवीत त्याच वाडग्याच्या ओल्या ढलप्यांसकट बंद करा. कोरडा भुसा घालू नका, तो पाणी शोषून घेतो. पिशवी वारा न लागणाऱ्या कपाटात ठेवा. बुरशी दिसली तर ढलप्या बदला. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन वेळा तेच आलं की लाकूड तुमच्या हवेशी जुळलं.

एकाच बैठकीत ओलं लाकूड पातळ कातायचं असेल तर जेवायला जातानाही वाडग्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. नुसत्या फिरण्याच्या वाऱ्याने काठ सुकतो, लंबगोल होतो आणि गॉज (कातायचं पन्हळीदार हत्यार) त्यावर टकटक आपटू लागतो. काठ आधी पुरा करा, मग आत उतरा आणि पुन्हा काठाकडे वळू नका.

प्रश्न : किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड फुकट मिळतं. खजुराचं खोडही आहे. वापरू का?

वाहून आलेल्या लाकडाच्या भेगांत वाळू असते, एका फेरीत गॉजची धार जाते. आतलं मीठ पुढेही ओलावा ओढत राहतं आणि फिनिश उचलतं. शोभेच्या वस्तूला ठीक, डबीला नको. खजुराच्या खोडात वार्षिक वलयं नसतात. मऊ गरात धाग्यांचे जुडगे असतात, गाभ्याकडे ते उपटून येतात. बाहेरचा कडक भाग घ्या आणि पातळ सुपरग्लूने घट्ट करत काता. मिळत असेल तर वेडी बाभूळ घ्या. ती फार कमी आकसते आणि दोन्ही दिशांना जवळपास सारखीच. तिची धूळ काहींना झोंबते, मास्क लावा.

प्रश्न : झाकणाची डबी दमट शहरात पाठवली, झाकण अडकलं.

आर्द्रता ३० टक्के असलेल्या हवेत लाकूड साधारण ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ६५ टक्के आर्द्रतेत १२ वर. बऱ्याच लाकडांत ६० मिमीचं झाकण तेवढ्यात वलयांच्या दिशेने सुमारे १ मिमी फुगतं, त्याला काटकोनात जेमतेम निम्मं. झाकण आणि डबी दोन्ही लंबगोल होतात. रेषा जुळवून ठेवलं तर झाकण उघडतं, पाव फेरा फिरवलं की अडकतं. दोन्ही एकाच तुकड्यातून काढा, कच्चं कोरून काही आठवडे ठेवा, रेषा जुळवण्याची खूण करा आणि बसण थोडी सैल ठेवा.

प्रश्न : दुपारी लेथचा वेग बदलणारा ड्राइव्ह आपोआप बंद पडतो.

बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच्या हवेत पूर्ण भाराला बनवलेले असतात. त्यापुढे क्षमता घटते, आणि पंखांत धूळ भरली असेल तर आधीच. ब्रशने साफ करा, वर-खाली हवेला जागा सोडा. मोठा वाडगा हळू फिरवताना बटणाने वेग फार खाली आणू नका. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तोही मंदावतो. पट्टा कमी वेगाच्या पुलीवर टाका.

प्रश्न : फिनिश आणि चिकटवणं?

इपॉक्सी दर १० अंशांना साधारण दुप्पट वेगाने आवळतं, तेव्हा थोडं थोडंच कालवा. सुपरग्लूला हवेतला ओलावा लागतो, भर दुपारी तो सावकाश धरतो. बंद बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. शेलॅक (लाखेचं फिनिश) उन्हात ब्रशखालीच वाळतं, लिटरला १२० ग्रॅम इतकं पातळ करून फडक्याने लावा. जवसाच्या तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, ती स्वतःहून पेटतात, आणि उन्हाळी शेडमध्ये लवकर. पाणी भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.