अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जेट्सने २०२६ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) बचावासाठी आधी कोणाला उचलावं, एज रशर (कडेवरून येऊन चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा) की कॉर्नरबॅक (कडेला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरला रोखणारा)?

कॉर्नरबॅक. डोळे झाकून.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘सॅक तरी मोजता येतात, कॉर्नरचं काय मोजणार?’ (सॅक म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं.) हे वाचून तुम्ही माझे मेहुणेच आहात की काय, अशी शंका आली. म्हणून उत्तर लांबतंय.

२८ एप्रिल २०२२, गुरुवार. न्यू जर्सीत आमच्या घराचं बेसमेंट. बायकोचा उपवास, त्यामुळे सगळ्यांनाच साबुदाणा वडे. मी जेट्सवाला, मेहुणा न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाचा, जायंट्सवाला. जेट्सची निवड चौथी, त्यांची पाचवी. मला सिनसिनाटी विद्यापीठाचा कॉर्नर सॉस गार्डनर हवा होता, त्याला ऑरेगनचा एज रशर केव्हॉन थिबोडो. ‘दाजी, इतक्या वर कॉर्नर घेतात होय कोणी? तो काय, एका कडेला पळत बसणार.’ तो वडा हातात धरून हे सांगतोय तोवर ह्यूस्टनने तिसऱ्या नंबरला कॉर्नरच उचलला, स्टिंगली. मग आम्हाला गार्डनर मिळाला आणि लगेच त्यांना थिबोडो. दोघांच्याही मनासारखं झालं, आणि घोळ झाला तो तिथेच. एकाचं जरी बिनसलं असतं तरी विषय त्या रात्री मिटला असता. आता शंभर-शंभर डॉलरची पैज लागली: कोणाचा गडी जास्त कामाचा? दोन्ही नोटा बायकोने देवघराच्या खणात ठेवल्या.

पहिल्याच मोसमात गार्डनर बचावातला सर्वोत्तम नवखा ठरला, ऑल-प्रो (म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात) सुद्धा. थिबोडोचे सॅक चार. मी नोट मागितली. मेहुणा म्हणाला, ‘इंटरसेप्शन (समोरच्यांनी फेकलेला चेंडू मध्येच पकडणं) किती? दोन!’ पुढच्या मोसमात थिबोडोने साडेअकरा सॅक काढले आणि गार्डनरचं इंटरसेप्शन एकही नाही. दर सोमवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मेहुण्याचा एकच मेसेज, ‘०’. सासूबाईंना वाटायचं याचा फोन बिघडलाय. गार्डनर त्याही वर्षी ऑल-प्रो झाला, त्यावर मात्र ग्रुपवर चिडीचूप.

अहो, इंटरसेप्शन करायला आधी चेंडू तुमच्याकडे यायला हवा ना! क्वार्टरबॅक त्या बाजूला बघायचंच टाळत असेल तर तो काय हवेत हात मारणार?

हे मला फुटबॉलने नाही शिकवलं. मी गावाकडे कबड्डी खेळायचो, डावा कोपरा. मॅटबिट काही नाही, माती आणि फक्कीच्या रेषा. जिल्ह्याच्या निवड चाचणीत चार सामने झाले. पहिल्या सामन्यात त्यांचा भारीतला गडी बोनससाठी माझ्या बाजूला पाय टाकायला आला. टाच मातीवर टेकली नाही तोच घोटा माझ्या दोन्ही हातांत. थोड्या वेळाने दुसरा आला, त्याचंही तेच. त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही. येणारा प्रत्येक जण मध्यरेषा ओलांडून सरळ दुसऱ्या टोकाला. आमचा उजवा कोपरा बिचारा सतत मारात. तो कितीदा बाद होऊन बाहेर बसला याची गणती नाही, पण मधूनमधून सात पकडीही केल्या त्याने. संध्याकाळी निवड करणाऱ्यांपैकी एकाने वही माझ्यासमोर धरली: ‘बाळ, तुझ्या नावावर दोनच पकडी.’ माझ्या नावापुढची कोरी जागा मला अजून दिसते. संघात तो गेला. मी घरी.

तेव्हा तुमच्या ‘काय मोजणार’चं उत्तर हे: किती वेळा समोरच्याने तिकडे जायचं टाळलं, ते मोजा. जेट्सच्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी आपला कॉर्नर डॅरेल रेव्हिस पाहिलाय. तो होता तेव्हा सलग दोन मोसम आपण कॉन्फरन्सच्या (लीगच्या आपल्या अर्ध्या गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेलो, २००९ आणि २०१०. त्यानंतर प्लेऑफचं, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलेलं नाही.

आणि मग ४ नोव्हेंबर २०२५. जुलैत ज्याच्याशी १२ कोटी डॉलरच्या वर करार केला, तोच गार्डनर इंडियानापोलिसला दिला. मेहुण्याचा ऑफिसातून फोन: ‘दाजी, तुमचा कोपरा विकला.’ विकला ना, पण कितीला? २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी, वर एक रिसीव्हर. थिबोडोला कोणी एवढं देईल का, विचारलं मी. फोन लगेच ठेवला त्याने.

आता जी जागा रिकामी झाली तिथे कॉर्नरच बसवायचा, यात मला तरी वादच दिसत नाही. आपला मुख्य प्रशिक्षक अॅरन ग्लेन स्वतः कॉर्नर होता, १९९४ साली जेट्सनेच पहिल्या फेरीत घेतलेला. त्याला कळायला हवं.

आता थोडं तुमच्या बाजूचंही. पुढच्या फळीतला आपला क्विनन विल्यम्स गार्डनर गेला त्याच दिवशी डॅलसला गेला, त्यामुळे पुढची फळीही उघडी पडलीय. क्वार्टरबॅकला चार-पाच सेकंद निवांत मिळाले तर देवही कॉर्नरला उभा राहिला तरी रिसीव्हर सुटणार. तेव्हा एज घेतलाच तर मी दंगा करणार नाही. कॉलेजचे सामने मी बघत नाही, नावं मला विचारू नका. आणि आपल्याला क्वार्टरबॅकच नाही, ही गोष्ट वेगळीच.

पहिली फेरी २३ एप्रिल २०२६ ला, पुन्हा गुरुवार. मेहुणा येतोय, वडे होतील. नोटांचं म्हणाल, तर गेल्या दिवाळीत बायकोने खण उघडला आणि पाडव्याची म्हणून माझी व भाऊबीजेची म्हणून त्याची, अशा दोन्ही ओवाळणीत जमा करून घेतल्या.