आजोबांचं ऑपरेशन बघून सर्जन व्हायचंय

ताई,

तासगावहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. सासऱ्यांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची कायमची पिशवी आली. बारावीतली लेक ती पिशवी नाक न मुरडता बदलते आणि आता म्हणते, "मी हीच ऑपरेशनं करणार." किती वर्षं जातील, मुलीच्या जातीला झेपेल का आणि तोवर सगळं रोबोटच करायला लागला तर काय, हे तुमचे प्रश्न.

वर्षांचा हिशोब सरळ आहे. इंटर्नशिपसह एमबीबीएस साडेपाच, जनरल सर्जरीत एमएस तीन, सर्जिकल ऑन्कॉलॉजीत, म्हणजे कॅन्सरच्या शस्त्रक्रियांत, एमसीएच तीन. तिन्हींच्या आधी नीटची परीक्षा. सरकारी सेवेचा बाँड धरला की तिशी उलटते. लग्नाचा विषय तुम्ही काढलात, मी काढणार नाही.

झेपण्याचं म्हणाल, तर हे ताकदीचं काम नव्हे, नजरेचं आणि चिकाटीचं आहे. १९०८ साली सर्जन माइल्स यांनी मांडलेल्या पद्धतीत गुदद्वारासकट सगळं काढतात, म्हणून पिशवी कायमची. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंत शिरली असेल तर आजही बहुधा तेच करावं लागतं. पुढे १९८२ मध्ये सर्जन हील्ड यांनी दाखवून दिलं की गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टन, मेसोरेक्टम, अखंड निघालं पाहिजे. त्याचे अवशेष राहिले तर कॅन्सर तिथेच उलटू शकतो. वेष्टनाबाहेर कोळिष्टकासारखा विरळ थर असतो, त्यातूनच कापत जायचं. जरा आत गेलं की वेष्टन फाटतं, जरा बाहेर गेलं की लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा दुखावतात. तेही पुरुषाच्या अरुंद ओटीपोटात! रोबोटमुळे दिसतं छान, हात वळतो छान. थर ओळखायचा तो सर्जननंच.

एक गोष्ट पत्रात तुमच्याही लक्षात आलेली नाही. पिशवी बदलणं हेसुद्धा शिकून करायचं काम आहे. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करून पुढे स्टोमा केअरचं, म्हणजे पोटावरच्या या वाटेची आणि पिशवीची काळजी घेण्याचं, प्रशिक्षण घेता येतं. ही नर्स ऑपरेशनआधी रुग्णाला बसवते, वाकवते, धोतराची गाठ कुठे येते ते बघते आणि पिशवीची जागा पेनानं खुणावते. खूण चुकली तर पिशवी गळते आणि माणूस लग्नकार्याला जाणं सोडतो. नीट हुकली म्हणून घ्यायची ही वाट नव्हे. लेकीला आधी विचारा, तिला कापण्यात रस आहे की आजोबांना सावरण्यात.

सर्जरीतली शाखा आत्ता ठरवायची गरज नाही, ते एमएसनंतर. आत्ता प्रश्न नीट-यूजीचा. फिजिक्समध्ये किती पडतात, ते पुढच्या पत्रात तिच्याच हातानं लिहून पाठवा.