पाचशे प्रती कुणासाठी?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुनियतकालिकाच्या अंकाची डमी (नमुना प्रत) पाहिली. कवितांवर नंतर बोलू, आधी छपाई. पाचशे प्रती ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यात, काढायच्या म्हणतोस, कारण काय तर झेरॉक्स हलकं दिसतं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर या कवींचं ‘शब्द’ हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या साध्या यंत्रावर, निघायचं. हलकं म्हणून कुणी ते रद्दीत घातल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आधी वही घेऊन वाचकांची नावं लिहून काढ. पहिल्या अंकाच्या वेळी माझी यादी ऐंशीच्या आसपास अडली होती, तीही आते-मामे भावंडं धरून. तरी हौसेनं पाचशे छापल्या. उरलेले गठ्ठे दोन पावसाळे पलंगाखाली होते, मग वाळवीनं अंक साद्यंत वाचला.

ऑफसेटचा बराचसा खर्च पहिली प्रत निघायच्या आधीच होतो. प्लेटा, मशीन लावणं, शाई-पाणी जुळेपर्यंत वाया जाणारा कागद. पुढं मात्र प्रत स्वस्तात पडते. झेरॉक्सचं उलटं, आधी काही नाही, पण पहिल्या प्रतीला जो दर तोच शंभराव्या प्रतीला. समज, ऑफसेटचा आधीचा खर्च ७,००० आणि मग प्रतीला १२ रुपये, झेरॉक्सची प्रत ४० रुपयांना. फरक २८चा. ७,००० भागिले २८ म्हणजे २५०. त्याच्या आत झेरॉक्स, त्याच्या पुढं ऑफसेट. आकडे मी मनचे घेतलेत, तू तुझ्या गावचे दर घालून भागाकार कर.

आणि चुकांचं काय? आमच्या एका अंकात ‘अर्थ’ या कवितेचा रफार उडाला आणि मथळा झाला ‘अथ’. प्रूफावर सही माझीच, त्यामुळं प्रेसवाल्याशी भांडायची सोय नव्हती. काळं पेन घेऊन बसलो आणि एकेका प्रतीवर रफार काढत गेलो. दोनशेनंतर बोटं वळेनात. कवी म्हणाला, राहू दे, ‘अथ’ही बरं दिसतंय! झेरॉक्सवर तीस-तीस प्रती काढ, चूक सापडली तर पुढच्या तीसमध्ये सुधार.

दुकानात वर्डची फाइल नेऊ नकोस. तिथं तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ ने आणि प्रिंट थेट त्यावरून काढायला सांग, झेरॉक्सवरून झेरॉक्स नको. चित्रं शाईच्या रेषांची घे. पेन्सिलीची छटा एकतर उडते, नाहीतर काळा डाग होऊन बसते. अंक मधोमध पिन मारून करायचा तर पानं चारच्या पटीत हवीत. तुझी पन्नास भरतात, म्हणजे दोन कविता तरी काढ (कुठल्या, ते मी सांगू शकतो). पुढं ऑफसेटकडे वळलास तरी ४८ पानं सोयीची, सोळा पानी तीन फर्मे (एकदम छापून घडी घालायचे मोठे कागद) पुरे होतात.

मुखपृष्ठ मात्र झेरॉक्सवर नको. टोनर, म्हणजे झेरॉक्सची पूड-शाई, कागदावर नुसता बसलेला असतो, गडद भागावर घडी पडली की तिथं तडकून पांढरी रेघ उमटते. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून रंगीत कार्डावर एका रंगात स्क्रीन प्रिंटिंग करून घे. लग्नसराई संपल्यावर जा, दर जरा उतरतो.

फोटो भरपूर असतील किंवा तीनशे जणांनी वर्गणी आधीच दिली असेल, तर ऑफसेट खुशाल कर.

लांब हाताचा स्टेपलर माझ्याकडे पडून आहे. रविवारी येऊन घेऊन जा, येताना नावांची वही आण.

तुझा,
काका