शब्द काय होता, ते आधी विचार

प्रिय पोरी,

तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. अब्बा म्हणतात आपल्याच लोकांची बदनामी कशाला, आणि ऑफिसात ज्यांना ईशनिंदेच्या आरोपांवरची ही स्टोरी हवीय त्यांना ती कशासाठी हवीय हे तुला दिसतंय, म्हणून तू अडकलीयेस. ते मला कळतं. पण तुझ्या ड्राफ्टमध्ये "आक्षेपार्ह विधान" सात वेळा आलंय आणि विधान काय होतं ते एकदाही नाही, मला राग त्याचा आलाय.

इंडोनेशियातल्या जकार्ताचा ख्रिश्चन गव्हर्नर अहोक घे. २०१६ मध्ये भाषणात तो म्हणाला की कुराणातल्या अल-माईदाची ५१ वी आयत वापरून लोक तुम्हाला फसवतात. फेसबुकवर क्लिप टाकणाऱ्याने सोबत जे लिहिलं त्यात "पाकाई", म्हणजे "वापरून", हा एक शब्द गळला. मग अर्थ काय झाला? आयतच फसवते! लाखो लोक रस्त्यावर आले, अहोकला मे २०१७ मध्ये ईशनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा झाली. क्लिप टाकणाऱ्यालाही नंतर झाली, पण तोवर अहोकची निवडणूक, खुर्ची सगळं गेलं होतं. म्हणून सांगतो, शब्द काय होता ते विचार.

पाकिस्तानात हे आणखी अवघड. हुकूमशहा झिया-उल-हकच्या काळात १९८६ ला पैगंबरांच्या अपमानाचं कलम २९५-सी आलं, त्यात फाशीपर्यंत शिक्षा, आणि आरोपातला मजकूर पुन्हा छापला तर छापणाराच अडकायची भीती, म्हणून पेपरवाले तो गाळतात आणि वाचकाला कळतच नाही की माणूस नक्की कशासाठी मरणार आहे. बरं, शब्द छापता येत नसेल तर बाकीचं छाप ना! ईशनिंदेसाठी फाशीची शिक्षा झालेल्या ख्रिश्चन मजूर आसिया बीबीचं भांडण फालशाच्या शेतात पाण्यावरून झालं, एफआयआर पाच दिवसांनी, जिथे तिने म्हणे कबुली दिली तिथे लोक किती होते तर कुणी शेकड्यात सांगतं कुणी हजारात. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ ला सोडलं ते असल्याच गोष्टींवर. तोवर तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर आणि केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी दोघंही २०११ मध्येच मारले गेले होते.

माझंही सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला, एका पोराच्या पोस्टवरून तणाव आहे. मी हेडिंग केलं, नाव-गल्लीसकट सोडलं. पोस्ट काय होती विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान फुटलं आणि नंतर कळलं की पोस्ट त्याची नव्हतीच. त्याचा बाप ऑफिसात आला, पेपरची घडी माझ्या टेबलावर उघडली, मुलाच्या नावावर बोट ठेवून उभा राहिला. बोलला काहीच नाही. साडेबाराला पान सोडायचं होतं, वार्ताहर खात्रीचा होता, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं असं मी वीस वर्षं स्वतःला सांगतोय. पण फोन माझ्याच हातात होता ना गं. एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो?

अब्बांना सांग, यात बदनामी कुणाची नाहीये. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९५-अ इंग्रजांनी १९२७ ला आणलं, तेव्हा लाहोर आणि मुंबई एकाच कायद्याखाली होते, आणि आपल्याकडे ते आजही भारतीय न्याय संहितेत २९९ म्हणून आहेच. त्यांना मशाल खानबद्दलही सांग. पाकिस्तानात मर्दानच्या युनिव्हर्सिटीत तुझ्यासारखाच पत्रकारिता शिकणारा, मुसलमान. एप्रिल २०१७ मध्ये ईशनिंदेच्या आरोपावरून युनिव्हर्सिटीतल्याच पोरांनी हॉस्टेलमध्ये मारहाण करून, गोळ्या घालून मारला. नंतरच्या चौकशीत ईशनिंदेचा पुरावाच सापडला नाही, सापडलं ते एवढंच की तो युनिव्हर्सिटीच्या कारभारावर उघड बोलत होता. त्या गर्दीतल्या एकाने तरी विचारलं का, की हा बोलला काय?

आणि ऑफिसातले टाळ्या कशासाठी वाजवतील ते तुझ्या हातात नाही, सोड ते. ड्राफ्ट परत लिही. सातही ठिकाणचं "आक्षेपार्ह विधान" काढ आणि तिथे कोण म्हणालं, काय म्हणालं, कुणी ऐकलं, तक्रार किती दिवसांनी झाली ते टाक. जिथे मिळत नाही तिथे मिळालं नाही असं लिही. शुक्रवारपर्यंत पाठव, मी जागा आहे.